सातव्या पानावरचा ‘किंवा’

१

सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता वरच्या सभागृहात एक म्हातारे सदस्य चष्मा कपाळावर ढकलून उभे राहिले आणि म्हणाले, मला एका शब्दाबद्दल विचारायचं आहे.

राजकारणात येण्याआधी त्यांनी तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली होती, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. मास्तर बोलायला उभे राहिले की निम्मे सदस्य पाय मोकळे करायला उठत. त्या दिवशीही काही जण उठले. मास्तरांनी एका हातात ‘बोगद्याच्या विधेयका’ची छापील प्रत धरली, दुसऱ्या हातात खालच्या सभागृहाच्या कामकाजाचा अहवाल, आणि दोन्हींतलं अकरावं कलम सावकाश वाचलं.

अहवालात होतं, ‘दुर्घटनेस कंपनीचा संचालक आणि कामावरील अभियंता जबाबदार राहतील.’

छापील प्रतीत होतं, ‘दुर्घटनेस कंपनीचा संचालक किंवा कामावरील अभियंता जबाबदार राहील.’

उठलेले सदस्य परत बसले.

वर्षभरापूर्वी डोंगरातला एक बोगदा खचला होता आणि एक्केचाळीस माणसं आत राहिली होती. त्या दुर्घटनेची आणि पुढच्या सगळ्या दुर्घटनांची जबाबदारी ठरवण्यासाठी हा कायदा येत होता. ‘आणि’ असेल तर कंपनीचा संचालक आणि कामावरचा अभियंता दोघांनाही उत्तर द्यावं लागणार होतं. ‘किंवा’ असेल तर एकजण पुरे होता. आणि कामावरचा अभियंता त्या एक्केचाळिसांतच होता. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर सगळं लोटून कंपनी मोकळी झाली असती.

त्या अभियंत्याची बायको वर प्रेक्षकांच्या सज्जात बसली होती. तिला आधी काही उमगलं नाही. शेजारच्या बाईने कानात सांगितलं, तेव्हा तिने समोरचा कठडा धरला आणि बराच वेळ तो सोडला नाही.

विधेयक खालच्या सभागृहाने तीन आठवड्यांपूर्वी मंजूर केलं होतं. तिथल्या अध्यक्षांनी प्रत्येक पानावर आद्याक्षरं आणि शेवटी पूर्ण सही करून ते मोहोरबंद पाकिटातून इकडे पाठवलं होतं. अध्यक्षांनी ‘हेच मंजूर झालं’ अशी सही केली की दुसऱ्या सभागृहाने ती खरी मानायची, असा नियम होता. वरच्या सभागृहाच्या सभापतींनी कामकाज दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत थांबवलं आणि खालच्या सभागृहाला निरोप धाडला: हा शब्द कुठून आला, उद्यापर्यंत कळवा.

साडेबाराला खालच्या सभागृहाच्या अध्यक्षांनी मात्राबाईंना बोलावणं पाठवलं.

२

मात्राबाई खालच्या सभागृहाच्या मुख्य प्रतिवेदक होत्या. सभागृहात बोललेला शब्दन् शब्द लघुलिपीत उतरवून घ्यायचा हे त्यांचं काम. कानामात्रेची चूक त्या स्वतःला माफ करत नसत आणि दुसऱ्यालाही नाही, त्यावरून हे नाव पडलं होतं. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या अहवालातला एक शब्द खोटा ठरला नव्हता. मंत्री भांडत, ‘मी असं बोललोच नाही’ म्हणत, आणि कुणीतरी ‘मात्राबाईंचं काय म्हणणं आहे’ असं विचारलं की गप्प होत.

अध्यक्षांना त्या एकांतात अक्का म्हणत. दोघी तरुणपणी एका खोलीत भाड्याने राहिल्या होत्या. एक वकिली शिकत होती, दुसरी लघुलिपी. अक्का रात्री कलमं पाठ म्हणायची आणि ही ती उतरवून लघुलिपीचा हात बसवून घ्यायची. अक्काचा मुलगा लहानपणी आजारी पडला की मात्राबाईंच्याच मांडीवर झोपायचा. त्यांचं स्वतःचं लग्न झालं नाही. जी काही नाती होती ती एवढीच.

कक्षात सचिव आधीच उभे होते. खालच्या सभागृहाच्या कार्यालयाचा कारभार त्यांच्या हातात होता. नीटनेटका, मऊ आवाजाचा माणूस. त्यांनी सांगितलं, की हा मुद्रणदोष आहे. मुद्रितशोधक तात्यांची नजर अधू झाली आहे, दोन महिन्यांत निवृत्त व्हायचे आहेत, त्यांच्या हातून एक शब्द निसटला. त्यांना सकाळीच निलंबित केलं आहे.

अक्का खुर्चीत मागे रेलून बसली होती. पायऱ्यांवरून घसरून उजवं मनगट मोडल्यामुळे महिनाभर तिचा हात प्लास्टरमध्ये होता. गेल्या गुरुवारी ते काढल्यापासून तिला मनगट चोळत बसायची सवय लागली होती. टेबलावर मुलाचा फोटो होता. तो परदेशातली नोकरी सोडून दोन महिन्यांपूर्वी घरी आला होता. अक्का म्हणे, दमलाय, जरा बसू दे घरी.

सचिव गेल्यावर तिने मात्राबाईंना जवळ बसवलं.

“पोलिस आवारात आणायचे तर दोन्ही सभागृहांची परवानगी लागते, आणि मग गावभर तमाशा होईल,” ती म्हणाली. “तू बघ. सगळ्यांशी बोल. उद्या अकराच्या आत मला चार ओळी लिहून दे. तू लिहिलंस की कुणी पुढे विचारणार नाही.”

मात्राबाईंनी विचारलं, की चूकच आहे असं निघालं तर दुरुस्ती कशी होणार. अक्का म्हणाली, सही झालेली आहे, आता हे असंच मंजूर होईल. पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती आणू. पुढचं अधिवेशन चार महिन्यांवर होतं. बोगद्याच्या दुर्घटनेची चौकशी त्याआधी उरकणार होती.

मात्राबाई बाहेर आल्या, खिडकीशी थांबल्या आणि छापील प्रत उघडून ते वाक्य पुन्हा वाचलं. ते त्यांच्या ओळखीचं होतं. मतदानाच्या दिवशीच दुरुस्ती म्हणून ते आलं, अक्काने प्लास्टरमधला हात टेबलावर टेकवून ते वाचून दाखवलं आणि मात्राबाईंनी ते वहीत उतरवलं. मूळ मसुद्यात ते नव्हतंच.

दुसऱ्यांदा वाचताना त्या शेवटच्या शब्दाशी अडल्या.

नजर अधू झालेल्या माणसाच्या हातून ‘आणि’चा ‘किंवा’ होईल, एक वेळ मान्य. पण मग पुढे ‘राहतील’ तसंच राहिलं असतं. इथे ‘राहील’ होतं. कुणीतरी शब्द बदलला होता, आणि मग क्रियापदही जुळवून घेतलं होतं. चूक करणारा माणूस इतकं व्याकरण सांभाळत नाही.

३

तात्या मुद्रितशोधकांच्या खोलीत आपला खण रिकामा करत होते. लाल पेन्सिली, भिंग, डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली, एक स्वेटर. पिशवी लहान होती म्हणून ते एकेक वस्तू आत घालून बाहेर काढत होते.

मात्राबाई समोर बसल्या. दोघांची ओळख वीस वर्षांची, पण बोलणं बहुधा स्वल्पविरामावरून. तात्यांनी आपलं म्हणणं शांतपणे मांडलं. डोळे अधू झाले आहेत, खरं. म्हणूनच हल्ली ते प्रत्येक वाक्य भिंगाखाली तीनदा वाचतात, आणि तिसऱ्यांदा मोठ्याने. प्रत अध्यक्षांच्या सहीला जाण्याआधी तपासलेलं बोगद्याच्या विधेयकाचं अकरावं कलम त्यांना चांगलं आठवत होतं, कारण ‘राहतील’ हा शब्द ओळीच्या टोकाला येऊन तुटत होता आणि त्यांनी त्याखाली लाल खूण करून तो एका ओळीत घ्यायला लावला होता.

“आणि त्याआधी ‘आणि’ होतं, बाई,” ते म्हणाले. “मी शपथ घेऊन सांगतो. पण माझ्या शपथेला आता विचारतो कोण?”

मात्राबाई म्हणाल्या, शपथ नको, ते तपासलेलं मुद्रित दाखवा. त्यावर तुमची खूण असेल.

तात्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. प्रत्येक विधेयकाची मुद्रितं तिथे वर्षभर ठेवत. आकड्याप्रमाणे लावलेल्या फायलींमध्ये एकाच ठिकाणी बोटभर फट होती. आज सकाळी निलंबनाचा कागद हातात पडल्यावर ते पहिल्यांदा इथेच धावले होते, असं त्यांनी सांगितलं. फाईल तेव्हाच नव्हती.

“कपाटाची किल्ली?”

“एक माझ्याकडे. दुसरी सचिवांकडे.”

हे बोलून त्यांनी भिंग पिशवीत टाकलं. मग जरा थांबून म्हणाले, घरी अजून सांगितलेलं नाही. बायकोला वाटतंय, मी कामावर आहे.

४

सचिवांनी मात्राबाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फाईल आपणच काढून घेतल्याचं लगेच कबूल केलं. हो, आपल्याच ताब्यात आहे. सुरक्षित आहे. दाखवता येणार नाही.

मात्राबाईंनी विचारलं, कधी काढली. सचिव म्हणाले, शुक्रवारी संध्याकाळी.

हे उत्तर देताच त्यांचा चेहरा बदलला, कारण मात्राबाई रोखून बघत होत्या. मास्तरांनी तो शब्द पकडला सोमवारी. शुक्रवारी या इमारतीत कुणालाच काही माहीत नव्हतं. मग उघडकीस न आलेल्या चुकीचा पुरावा तीन दिवस आधी कुलपात घालायची बुद्धी कुणाला झाली?

मात्राबाईंनी तसं विचारलं. सचिवांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी सांगितलं, की आपण या कार्यालयात चार अध्यक्ष पाहिले, आणि प्रत्येकाच्या वेळी न विचारता कामं केली, म्हणूनच इथवर आलो. बोगद्याच्या कंपनीशी आपला काडीचा संबंध नाही. विधेयकाला आपण हात लावलेला नाही. यापुढे एक शब्द बोलणार नाही.

मात्राबाई दाराशी पोचल्या तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

“बाई, शोध घ्या. पण सगळं शोधून काढू नका. तुम्हालाच जड जाईल.”

जिना उतरताना मात्राबाईंच्या मनात हेच पक्कं झालं होतं, की माणूस सापडला. दोन किल्ल्यांपैकी एक त्याच्याकडे, फाईल त्याच्याकडे, आणि वर ही धमकी. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. विधेयकाची सही केलेली मूळ प्रत तीन आठवडे वरच्या सभागृहाच्या ताब्यात होती. तिथे खालच्या सभागृहाच्या सचिवाला कुणी दारातसुद्धा उभं करत नाही.

५

दोन सभागृहांना जोडणारा एक लांब बोळ होता. अर्ध्यावर गालिचाचा रंग बदलायचा, आणि त्या रेषेपलीकडे इकडच्या कुणाचा हुकूम चालायचा नाही. पलीकडच्या दप्तरदार बाई वरच्या सभागृहाचे सगळे कागद सांभाळत. बांधा ठेंगणा, बोलणं तोडून टाकणारं, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आपल्या कपाटावर संशय घेतला जातोय हे कळल्यापासून त्या धुमसत होत्या. मात्राबाईंनी तोंड उघडायच्या आत त्यांनी मूळ प्रत टेबलावर ठेवली.

जाड कागदाची बारा पानं, डाव्या कोपऱ्यात भोक पाडून फितीने बांधलेली. अकरावं कलम सातव्या पानावर. तिथेही ‘किंवा’ आणि ‘राहील’. म्हणजे छापखान्याचा दोष नव्हता. सदस्यांसाठीच्या प्रती शनिवारी या पानावरूनच छापल्या होत्या.

मात्राबाईंनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. प्रत्येक पानाच्या तळाशी अक्काची आद्याक्षरं होती. प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांनी कशीबशी ओढलेली, मुंगी शाईत बुडून कागदावर चालत गेल्यासारखी. पहिलं, दुसरं, सहावं. मग सातवं आलं आणि त्यांचा हात थांबला. सातव्या पानावरची आद्याक्षरं सरळ, ठाशीव, शेवटच्या अक्षराला झोकदार वळण असलेली होती. आठव्यावर पुन्हा मुंगी.

दप्तरदार बाईंनीही वाकून पाहिलं. त्या लगेच म्हणाल्या, नकली आहे. कुणीतरी पान बदललं आणि अध्यक्षांची सही गिरवली.

मात्राबाईंनी मान हलवली. नकली सही करणारा माणूस समोर नमुना ठेवतो. त्याच्यासमोर याच प्रतीतली पानं असणार होती, आणि त्याने ती वेडीवाकडी आद्याक्षरंच गिरवली असती. सातव्या पानावरचं वळण शिकून घेतलेलं नव्हतं, हाताचं होतं. ते त्या तीस वर्षं पाहत आल्या होत्या. आपली सही नमुन्याशी ताडून बघायची आठवण फक्त एका माणसाला राहत नाही. ज्याची ती सही असते, त्याला.

मग ती केली कधी? हात मोडण्याआधी शक्य नव्हतं. ते वाक्यच हात मोडल्यावर जन्माला आलं. म्हणजे प्लास्टर निघाल्यावर. गुरुवारनंतर. आणि शनिवारी छपाई होण्याआधी.

त्यांनी नोंदवही मागितली. गुरुवार ते शनिवार एकाही बाहेरच्या माणसाची नोंद नव्हती. मात्राबाईंना अजून एक आशा होती, की सचिवांनी इतर कागदांत सारून अक्काकडून नकळत आद्याक्षरं घेतली असतील आणि पान दुसऱ्या कुणाच्या हातून इथे पोचवलं असेल. ती आशा धरूनच त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

“वहीत नाव नाही हे कळलं. पण त्या दोन दिवसांत असं कुणी आलं होतं का, की ज्याच्याकडून सही मागायची तुम्हालाच लाज वाटली?”

दप्तरदार बाईंनी नोंदवही मिटली. मग त्यांनी सांगितलं. शुक्रवारी सकाळी इकडे दोन्ही सभागृहांच्या प्रमुखांची बैठक होती. बैठक संपल्यावर खालच्या सभागृहाच्या अध्यक्षा स्वतः इथे आल्या. म्हणाल्या, एक स्वल्पविराम डोक्यात घोळतोय, प्रत जरा बघू द्या. एवढ्या मोठ्या बाई आपल्या खोलीत आल्या, म्हणून दप्तरदार बाई स्वतः चहा आणायला गेल्या. परत आल्या तेव्हा अध्यक्षा फीत बांधत होत्या.

“मनगट दुखत होतं त्यांचं,” दप्तरदार बाई म्हणाल्या. “गाठ बसेना. शेवटची गाठ मीच मारून दिली.”

मात्राबाईंनी मूळ प्रत मिटून टेबलापलीकडे सरकवली. दप्तरदार बाईंनी पाणी पुढे केलं, ते तसंच राहिलं.

६

पाच वाजता त्या अक्काच्या कक्षात शिरल्या आणि दार लावून घेतलं. अक्काने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चार ओळींचा कागद मागितला नाही.

मात्राबाईंनी जे पाहिलं ते क्रमाने सांगितलं, क्रियापदापासून फितीच्या गाठीपर्यंत. आवाज चढवला नाही. सभागृहात इतरांची भाषणं वाचून दाखवायच्या तशा त्या बोलल्या. अक्काने मध्ये एकदाही अडवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिने आपल्याच मनगटाकडे पाहिलं.

मग तिने सांगितलं. मुलगा परदेशात नोकरी करत होता हे अर्धंच खरं होतं. ज्या कंपनीत तो होता तिनेच बोगद्याची कंपनी विकत घेतली होती आणि त्याला तिथे संचालक नेमलं होतं. डोंगराला तडे गेले आहेत, काम थांबवा, असं पत्र त्या अभियंत्याने तीनदा पाठवलं. तिसऱ्या पत्रावर ‘काम चालू ठेवा’ असा शेरा मुलाच्या हातचा होता. दोन महिन्यांपूर्वी तो घरी आला आणि आईच्या पायाशी बसून हे बोलला. मतदानाच्या दिवशी ती दुरुस्ती अचानक आली, सभागृहाने टाळ्या वाजवून घेतली, आणि तिला ती स्वतःच्या तोंडाने वाचावी लागली.

“तुझ्या मांडीवर वाढलाय तो,” अक्का म्हणाली. “मावशी मावशी करत यायचा. तू त्याला तुरुंगात बघू शकशील?”

 मात्राबाईंना त्या घटकेला तो मुलगा दिसत होता, तापाने फणफणलेला, त्यांचं बोट घट्ट धरून झोपलेला. आणि सज्जातली ती बाईही दिसत होती. दोन्ही एकदम दिसत होतं, हाच त्रास होता.

त्यांनी विचारलं, तात्यांचं काय. अक्का म्हणाली, तात्यांना मी वाऱ्यावर सोडणार नाही, प्रकरण निवलं की निलंबन मागे घेईन; त्यांचं काय, दोन महिन्यांचा प्रश्न आहे.

“त्यांनी घरी सांगितलेलं नाही अजून,” मात्राबाई म्हणाल्या. मग ज्यासाठी त्या खरं म्हणजे आल्या होत्या ते विचारलं. “शोध घ्यायला मलाच का बोलावलंस? दुसऱ्या कुणाला हे दिसलं नसतं.”

“दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर लोकांनी विश्वास ठेवला नसता.”

“आणि मला दिसणार नाही असं वाटलं तुला?”

अक्काने पहिल्यांदाच सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

“दिसेल हे माहीत होतं गं. दिसलं तरी तू ‘मुद्रणदोष’ असंच लिहिशील, असं वाटलं होतं.”

मात्राबाईंना हे ऐकून जे झालं ते त्यांना पुढेही कुणाला नीट सांगता आलं नाही. पान बदललं ते त्यांनी एक वेळ समजून घेतलं असतं. आई होती ती. पण अठ्ठावीस वर्षांचा त्यांचा खरेपणा अक्काने आपल्या गरजेची वस्तू म्हणून बाजूला काढून ठेवला होता, वेळ आली की मोडायची म्हणून. आणि त्या तो मोडून देतील याची तिला खात्री होती.

उठताना त्या एवढंच म्हणाल्या, की उद्या अकराला वरच्या सभागृहात विचारलं तर मी जे पाहिलं ते सांगेन. त्याआधी तू स्वतः सांगितलंस तर फार बरं होईल. मी तोवर गप्प राहीन.

अक्का म्हणाली, रात्रभर विचार करते.

७

सकाळी दहाला मात्राबाई कार्यालयाच्या दाराशी पोचल्या तेव्हा पहारेकऱ्याने मान खाली घातली आणि एक पाकीट पुढे केलं. गोपनीय कामात हलगर्जी केल्याबद्दल त्यांना तत्काळ कामावरून दूर केलं होतं. खालच्या सभागृहाच्या कोणत्याही दारातून त्यांना आत सोडू नये, असा आदेश होता. खाली सही होती. सरळ, ठाशीव, शेवटच्या अक्षराला झोकदार वळण असलेली.

अक्काने रात्रभर हा विचार केला होता.

 मात्राबाईंनी कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि इमारतीला वळसा घालून पलीकडच्या अंगाला गेल्या. वरच्या सभागृहाच्या फाटकाशी प्रेक्षकांची रांग होती. बोगद्यात गेलेल्या माणसांची घरची मंडळी तिथे उभी होती. मात्राबाई रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. अठ्ठावीस वर्षांत त्या या इमारतीत रांगेतून कधी शिरल्या नव्हत्या.

आत मात्र त्यांची वाट पाहिली जात होती. आपल्या कपाटाची अब्रू गेली म्हणून दप्तरदार बाईंनी आदल्या संध्याकाळीच सभापतींना सगळं सांगून टाकलं होतं. अकराच्या ठोक्याला सभापतींनी खालच्या सभागृहाच्या अध्यक्षांचं उत्तर वाचून दाखवलं. मुद्रणदोष आहे, खेद आहे, पण सहीचं प्रमाणपत्र कायम आहे. मग त्यांनी जाहीर केलं, की मुख्य प्रतिवेदक सज्जात आहेत असं कळतं. त्यांनी खाली येऊन सभागृहासमोर साक्ष द्यावी.

खालच्या सभागृहाकडून आलेला एक अधिकारी घाईने म्हणाला, की या बाईंना आजच कामावरून दूर केलं आहे, त्यांना आत येण्यास मनाई आहे. सभापतींनी त्याला विचारलं, मनाई कुणाची. त्याने अध्यक्षांचं नाव घेतलं.

“तो आदेश बोळातल्या गालिचाच्या रेषेपर्यंत,” सभापती म्हणाले. “इथे मी बसलोय.”

मात्राबाई साक्षीदाराच्या कठड्याशी उभ्या राहिल्या. सभागृहात त्यांनी स्वतःहून कधी एक शब्द उच्चारला नव्हता; त्यांचं काम ऐकायचं होतं.  त्यांनी क्रियापदापासून सुरुवात केली. सहाव्या पानाची आद्याक्षरं, सातव्याची, आठव्याची. मूळ प्रत सदस्यांच्या हातांतून फिरली. मास्तरांनी ती डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि पुढच्याला दिली. शुक्रवारची हकिगत दप्तरदार बाईंनी सांगितली. मुलाचं नाव मात्राबाईंनी घेतलं नाही. काम थांबवा म्हणणाऱ्या अभियंत्याच्या तिसऱ्या पत्रावरचा शेरा कुणाचा आहे ते पाहावं, एवढंच म्हणून त्या थांबल्या.

शेवटी सभापतींनी सचिवांना बोलावून तात्यांची फाईल मागितली. सचिवांनी ती काखेतच आणली होती. अध्यक्षांच्या तोंडी आदेशावरून शुक्रवारी ती कपाटातून काढली, असं ते म्हणाले आणि पुन्हा चष्मा पुसायला लागले. फाईल उघडली. अकराव्या कलमात ‘आणि’ होतं, आणि ‘राहतील’खाली लाल खूण.

बदललेलं सातवं पान विधेयकाचा भाग नाही, फाईलमधला मजकूरच खरा, असा निर्णय सभापतींनी दिला. दुपारी मतदान झालं आणि विधेयक ‘आणि’सकट मंजूर झालं. सज्जात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अभियंत्याची बायको उठली, शेजारणीचा हात धरून जिना उतरली आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडली.

संध्याकाळी अक्काने राजीनामा दिला. दोन आठवड्यांनी मुलगा चौकशीसमोर हजर झाला आणि पत्रावरचा शेरा आपलाच असल्याचं त्याने कबूल केलं. तात्यांना परत बोलावलं. निवृत्तीपर्यंतचे सगळे दिवस ते वेळेच्या आधी येऊन बसले. मात्राबाईंवरचा आदेश नव्या अध्यक्षांनी रद्द केला. अक्काने त्यांना फोन केला नाही. त्यांनीही केला नाही. एकदा त्या अक्काच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या, खिडकीतला दिवा पाहिला आणि तिथूनच फिरल्या.

कामावर परत आल्याच्या दिवशी वरच्या सभागृहाच्या प्रतिवेदक बाई त्यांच्या साक्षीचा टंकलेला मसुदा घेऊन आल्या. साक्षीदाराला छापण्याआधी आपले शब्द तपासायचा हक्क असतो. त्या बाई जरा संकोचल्या होत्या. म्हणाल्या, बाकी सगळं बिनचूक आहे, पण तिसऱ्या पानावर बोलण्याच्या ओघात तुम्ही एकदा ‘अध्यक्षा’ म्हणायच्या ऐवजी ‘अक्का’ म्हणालात. कायमच्या दप्तरात जाणार आहे. सुधारून घेऊ का?

मात्राबाईंनी ते पान समोर ओढलं. ओळ सापडली. त्या शब्दावर त्यांचं बोट बराच वेळ राहिलं. पेन्सिल हातात होती.

“मी तसंच म्हणाले होते,” त्या म्हणाल्या. “राहू दे.”

आणि त्यांनी पानाच्या तळाशी सही केली.